स्प्लिट येतो म्हणजे बॅले येईल का?

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दहा वर्षांची, ठाण्यात तीन वर्षं बॅले शिकते. स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीवर बसणं) सहज बसतो, पाय हाताने धरून कानापर्यंत नेते. पण तिच्या शिक्षिका म्हणतात की टर्नआउट, म्हणजे खुब्यातून पाय बाहेर वळवणं, कमी आहे, नात्यातल्या कुणी तरी ‘हिची अंगकाठी बॅलेची नाही’ असं तिच्यासमोरच सांगितलं, आणि वर्गातल्या दोघींना पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे बूट) मिळाले तेव्हा तिला मिळाले नाहीत. चांगली बॅले नर्तकी व्हायला नेमके कोणते गुण लागतात आणि ते तिच्यात आहेत का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी आधी मुंबईत आणि आता पुण्यात बॅले शिकवते. पालकांचा हा प्रश्न मला सतत येतो, आणि त्यात बहुतेक वेळा दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. एक म्हणजे शरीर जन्मतः कसं आहे. दुसरा म्हणजे त्या शरीराचं मूल काय करतं. पहिल्याचं उत्तर पहिल्या दिवशी बरंचसं दिसतं, म्हणून सगळे त्यावरच बोलतात. दुसऱ्याचं दिसायला दोन-तीन वर्षं जातात. माझ्या अनुभवात नाचाची प्रत ठरते ती या दुसऱ्यावर.

शिवाय ‘चांगली’ म्हणजे कशासाठी चांगली, यावरही बरंच अवलंबून आहे. सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी ही बॅलेची शाळा १७३८ पासून चालू आहे. तिथे साधारण दहाव्या वर्षी मुलं घेतात आणि आठ वर्षं रोज घडवतात. प्रवेशाच्या वेळी खुबा किती फिरतो, पाऊल किती ताणलं जातं, पाठ किती वळते, उडी कशी आहे, ताल कळतो का, हे सगळं तपासतात. लंडनची रॉयल बॅले स्कूल अकराव्या वर्षापासून मुलं निवडते. अशा ठिकाणी अंगकाठी पाहिली जाते, आणि त्यामागे निव्वळ दिसण्याची हौस नसते. रोज कित्येक तास एकाच दिशेने पाय वळवायचे असतील, तर जे शरीर तिकडे सहज वळत नाही ते दुखापतींनी लवकर थकतं. मात्र तुमची मुलगी त्या दारात उभी नाही. तिला उत्तम नाचायचं आहे, आणि पुढे काय ते अजून ठरायचंय. म्हणून मी तिच्या बाजूने उत्तर देते.

आधी टर्नआउट, कारण तुम्हाला तोच खुपतोय. बॅलेतलं जवळजवळ सगळं पाय बाहेर वळवून होतं. ही सवय फ्रान्सच्या दरबारी नाचातून आली. १६६१ मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी काढली, आणि पावलांच्या पाच स्थिती त्याच काळात पक्क्या झाल्या. पण शोभेपलीकडेही तिला कारण आहे. पाय बाहेर वळवला की मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा मागे सरकतो आणि पाय बाजूने वर जायला वाट मोकळी होते. चटकन बाजूला सरकता येतं, आणि समोरच्या प्रेक्षकाला पायाची पूर्ण रेषा दिसते.

हे वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवं. ते किती येईल हे खोबणीचं तोंड कुठे आहे आणि मांडीच्या हाडाला किती पीळ आहे यावर ठरतं. हाडाचा आकार व्यायामाने बदलत नाही. पण दहाव्या वर्षी गोष्ट संपलेलीही नसते, कारण मांडीच्या हाडाचा आतला पीळ बाळपणापासून किशोरवयापर्यंत हळूहळू कमी होत जातो. आणि जेवढं वळण हाडाने दिलंय तेवढं सगळं वापरणारी मुलं फार थोडी. खुब्याच्या खोलात सहा लहान स्नायू असतात, ते पाय बाहेर फिरवून धरून ठेवतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते आहेत याचाच पत्ता नसतो. ते जागे करायला वेळ लागतो. म्हणून ‘टर्नआउट कमी आहे’ असं शिक्षिकेने सांगितलं, तर उलट विचारा: हाडाचा कमी आहे, की असलेला वापरला जात नाही? या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

घरी एक पाहा. मुलीला अनवाणी उभी करा, टाचा जुळलेल्या, पावलं सहज जमतील तेवढीच बाहेर. टाचा न उचलता तिला गुडघे वाकवायला सांगा. बॅलेत याला डेमी-प्लिए म्हणतात, ते तिला येत असेल. तुम्ही समोर खाली बसा आणि गुडघ्याची वाटी पाहा. ती पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत जात असेल तर उत्तम. गुडघे आत पडत असतील, पावलाची कमान सपाट होत असेल आणि सगळा भार अंगठ्यावर येत असेल, तर पावलं खुब्यापेक्षा जास्त फिरवली गेली आहेत. पाऊल बाहेर, गुडघा आत, आणि मधली नडगी ओल्या फडक्यासारखी पिळलेली, अशा स्थितीत वर्षानुवर्षं उड्या मारल्या की गुडघा आणि घोटा कधी तरी तक्रार करतोच. पावलं थोडी आत घेऊन प्रामाणिकपणे उभी राहणारी मुलगी मला वर्गात जास्त आवडते. तिचं दिसणं आत्ता कमी भरतं, पण तिच्यावर पुढचं सगळं रचता येतं.

आता लवचीकपणा. तुम्ही स्प्लिटचा उल्लेख अभिमानाने केला आहे आणि त्यात चूक काही नाही. फक्त त्याचं मोल कुठे आहे ते सांगते. तिला बारजवळ (वर्गात आधाराला धरायच्या दांडीजवळ) उभी करा, पाय हाताने धरून बाजूला वर न्यायला सांगा, आणि मग हात सोडायला सांगा. पाय किती खाली येतो? हाताने धरलेली उंची आणि हात सोडल्यावर टिकणारी उंची यांच्यातलं अंतर म्हणजे अंगात असलेली पण नाचात न वापरता येणारी लवचिकता. ज्या मुलीचा पाय कमरेपर्यंतच जातो पण हात सोडल्यावर तिथेच राहतो, कंबर तिरकी होत नाही, उभ्या पायाचा गुडघा ढिला पडत नाही, तिच्याकडे आजच नाचात वापरता येईल असं काही तरी आहे.

खूप लवचीक मुलांची मला जास्त काळजी वाटते. त्यांचे गुडघे मागे झुकतात, घोटे सैल असतात. कुठपर्यंत जायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांच्या सांध्यांना लवकर कळत नाही. आमच्याकडे मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स करून आलेली मुलं येतात. त्यांची ताकद विलक्षण असते आणि शिस्तही. पण मल्लखांबात एखादी स्थिती गाठून ती घट्ट धरायची असते. बॅलेत तिथे पोचतानाचा प्रत्येक क्षण प्रेक्षक पाहत असतो, आणि तिथून बाहेर येतानाचाही. अशा एका मुलाला अराबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे सरळ उचलणं) सुरेख येत होता, पण पाय खाली आणताना तो नुसता सोडून द्यायचा. बरेच महिने त्याच्याकडून फक्त पाय खाली आणायचं काम करून घेतलं. उचलणं त्याला येतच होतं.

पावलाबद्दलही लोक भरभरून बोलतात, विशेषतः उंच कमानीबद्दल. उंच कमान दिसायला देखणी असते, पण बहुतेकदा कमजोर असते. विख्यात रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हाची कमान तशीच होती. तिचा बांधा नाजूक होता, आणि तो काळ दणकट पायांच्या इटालियन नर्तकींचा होता. इम्पीरियल बॅले स्कूलने तिला पहिल्यांदा घेतलंही नव्हतं, ती पुढच्या वेळी आत गेली. तिने स्वतःच्या बुटाचा तळ कातड्याने भक्कम करून घेतला, टोक कठीण करून घेतलं, आणि जगभर नाचली. आपल्याकडेही आली होती. १९२८ मध्ये मुंबईत तिचा कार्यक्रम पाहिला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. पुढे पाव्हलोव्हाच्याच आग्रहाने त्या भारतीय नृत्याकडे वळल्या आणि आपल्याला कलाक्षेत्र मिळालं. ज्या बाईला सुरुवातीला शाळेने परत पाठवलं, तिच्यामुळे मद्रासमध्ये भरतनाट्यमची एवढी मोठी संस्था उभी राहायला हातभार लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अंगकाठीबद्दल एवढंच. लहान डोकं, लांब मान, लांब पाय हे जे चित्र लोकांच्या मनात आहे, त्याला न्यूयॉर्कचा नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशीन याच्या आवडीने मोठा हातभार लावला. त्याने १९४८ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले उभी केली आणि त्याला तशाच मुली लागायच्या. डेन्मार्कचा नृत्यरचनाकार बुर्नोव्हिल याच्या शैलीत मात्र पायांचं झपाट्याचं बारीक काम आणि हलक्या उड्या असतात. तिथे आटोपशीर अंगाचे नाचणारे खुलतात. विख्यात नर्तक मिखाईल बारिश्निकॉव्ह काही उंच नव्हता. म्हणजे ‘बॅलेची अंगकाठी’ अशी एकच नाही. आणि असती तरी दहाव्या वर्षी ती कुणाला दिसणार? मुलगी अजून वाढायची आहे. पुढच्या चार वर्षांत तिचे पाय आधी वाढतील, धड नंतर. मधल्या काळात तिचा तोल बिघडेल आणि काल जमणारं आज जमणार नाही. ते तात्पुरतं असतं, हे तिला आधीच सांगून ठेवा.

आता ज्या गुणांकडे मी खरोखर लक्ष देते त्यांच्याकडे येते.

पहिला म्हणजे उतरणं. मुलांना लहान उड्या मारायला सांगते आणि मी पाठ करून उभी राहते. नुसतं ऐकते. पायाची बोटं, मग चवडा, मग टाच, आणि त्याच ओघात गुडघे वाकणं, असं झालं तर आवाज जवळजवळ येत नाही. धप्प असा आवाज आला तर प्लिए कुठे तरी तुटला. प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं, बॅले वर्गातली पहिली गोष्ट, आणि जगातले सगळ्यात मोठे नर्तक रोज सकाळी त्याच्यापासूनच सुरुवात करतात. उडीचा जोर त्यातून येतो आणि उतरण्याचा धक्का त्यातच जिरतो. ज्या मुलीला प्लिए कंटाळवाणा वाटत नाही, जी खाली जाताना आणि वर येताना सारखंच लक्ष देते, तिच्याबद्दल मी निश्चिंत असते. पिरुएट, म्हणजे एका पायावरची गिरकी, तिला येईल, थोडा उशिरा का होईना.

दुसरा म्हणजे संगीत ऐकणं. भारतातल्या बहुतेक बॅले वर्गांत पियानोवादक नसतो, रेकॉर्डिंग लावावं लागतं. मुलं तोच ट्रॅक इतक्यांदा ऐकतात की संगीत ऐकायची गरजच उरत नाही, पाय पाठ झालेले असतात. म्हणून मी तोच व्यायाम दुसऱ्या ट्रॅकवर घेते. चारच्या ठेक्याऐवजी तीनचा वॉल्ट्झ लावते, लय थोडी उतरवते. अर्धा वर्ग चाचपडतो, आणि एक-दोन मुलं काही न सांगता त्यात शिरतात. हात कुठे रेंगाळू द्यायचा, पाय नेमका कधी बंद करायचा, हे त्यांना आपोआप कळतं. मोजणीवर अचूक असणं ही सुरुवात झाली. दोन मात्रांमधली जागा भरता येणं ही पुढची गोष्ट. इंग्लंडची नर्तकी मार्गो फॉन्टेन हिची पावलं काही फार वाखाणली जात नसत, तिच्याहून जास्त गिरक्या घेणाऱ्याही होत्या. पण संगीताच्या बाबतीत तिचं नाव आजही पहिलं घेतलं जातं.

इथे आपल्या मुलांना एक फायदा आहे. तुमची मुलगी कथक, भरतनाट्यम, तबला किंवा गाणं शिकली असेल तर ते जपा. आवर्तन पुरं होऊन समेवर येण्याची जाणीव अंगात असलेली मुलं बॅलेत वाक्य कुठे संपतं हे लवकर ओळखतात. भरतनाट्यमच्या मुलींना अरैमंडीमुळे (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीमुळे) वाकून वळून उभं राहण्याची सवय असते. अडचण भाराची येते. कथकमध्ये पाऊल जमिनीला जाब विचारत पडतं, गिरकी टाचेवर होते. बॅलेत भार वर खेचायचा, गिरकी चवड्यावर घ्यायची आणि पावलाचा आवाज लपवायचा. पहिले काही महिने शरीर गोंधळतं, मग दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवायला शिकतं. दोन्हींत मान झटकन फिरवून नजर एका बिंदूवर आणायची असते, ते मात्र कथकच्या मुलींना आयतंच आलेलं असतं.

तिसरा गुण माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे: सांगितलेली दुरुस्ती मूल कसं घेतं. पहिली पायरी म्हणजे सांगितलं की लगेच करून दाखवणं. ते बहुतेकांना जमतं. पुढच्या आठवड्यात ते अंगात टिकलेलं असणं, हे थोड्यांना जमतं. आणि मी शेजारच्या मुलीला ‘खांदे खाली’ म्हटलं की जिचे स्वतःचे खांदे न सांगता खाली येतात, अशी मुलगी वर्गात एखादीच असते. तिला एका तासात वीस मुलींइतकं शिकायला मिळतं. बॅले दुरुस्त्यांवर चालतं. तीसपस्तीस वर्षांची मुख्य नर्तकीसुद्धा रोज सकाळी शिक्षकाकडून हात, मान, टाच दुरुस्त करून घेते. ज्या मुलाला प्रत्येक दुरुस्ती म्हणजे ओरडा वाटतो, त्याला हा मार्ग फार दुखरा होतो. ते मूल वाईट नाही. त्याला आधी धीर द्यावा लागतो, आणि काही वेळा तो घरच्यांनी द्यायचा असतो.

यालाच जोडून आरशाबद्दल. आरसा उपयोगी आहे, पण काही मुलं त्याच्याशिवाय नाचूच शकत नाहीत. मी मधूनमधून वर्गाला आरशाकडे पाठ करायला लावते. शरीर कुठे आहे हे आतून कळणं ही वेगळीच क्षमता आहे. क्यूबाची नर्तकी अ‍ॅलिसिया अलोन्सो तरुणपणी दृष्टी गमावत चालली होती. डोळ्यांच्या शस्त्रक्रियांनंतर अंथरुणावर पडून राहावं लागलं तेव्हा तिने ‘जिझेल’ या बॅलेतली मुख्य भूमिका बोटांनी करत मनात बसवली. १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलिशिया मार्कोव्हा आजारी पडली आणि अलोन्सोने तिच्या जागी ‘जिझेल’ केली. पुढे अनेक दशकं ती रंगमंचावरच्या दिव्यांच्या आधाराने आपली जागा ओळखत नाचली. तिच्यासारखी इच्छाशक्ती प्रत्येकात शोधू नये, पण शरीराची आतली जाण सरावाने वाढते हे तिच्याकडे पाहून पटतं.

मग गिरक्या, उंच उड्या यांना काहीच किंमत नाही का? आहे. ‘स्वान लेक’मध्ये १८९५ साली पिएरिना लेन्यानीने बत्तीस फुएते (एका पायावर सलग घेतलेल्या गिरक्या) घेतले, तेव्हापासून ओडिलची, म्हणजे काळ्या हंसिणीची, भूमिका करणाऱ्या बहुतेक नर्तकींना ते घ्यावे लागतात. पण ते पाहताना मी आकडा मोजत नाही. ती जागेवर राहते का, प्रत्येक फेरी संगीतावर उघडते का, शेवट नीट बांधून थांबते का, हे पाहते. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंत सहा गिरक्या दिसतात. शेवट कसा झाला ते बहुतेकदा कापलेलं असतं.

आता पॉइंट शूज. तुमच्या मुलीला दहाव्या वर्षी ते मिळाले नाहीत, ही माझ्या मते चांगली बातमी आहे. पावलाची हाडं त्या वयात वाढीला लागलेली असतात. साधारण अकरा-बाराच्या आधी मी कुणालाही देत नाही, आणि त्यानंतरही नुसतं वय पाहून देत नाही. आठवड्यातून निदान दोन-तीन वर्ग नियमित व्हायला हवेत. घोटा पूर्ण ताणल्यावर पाऊल नडगीच्या रेषेत यायला हवं. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, टाच पुन्हापुन्हा वर नेताना घोटा डगमगता कामा नये. पोट आणि पाठ धड उभं धरून ठेवायला हवेत. यातलं एकही कच्चं असेल तर शूज त्या मुलीला उचलून धरणार नाहीत, तीच शूजमध्ये खचेल. त्या दोघींना मिळाले याचं तिला वाईट वाटत असणार, ते समजून घ्या. पण शिक्षिकेवर घाई करण्याचा दबाव कृपा करून आणू नका.

शूजबद्दल आणखी एक, कारण पालक हे विचारत नाहीत. टोकात लाकूड नसतं. कापड, कागद आणि चिकटवणीचे थर असतात, आणि घामाने ते मऊ पडतात. मोठ्या कंपनीतल्या नर्तकीची एक जोडी एका प्रयोगात संपू शकते. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तर बूट बॅगेत कोंबून ठेवला की दोन दिवसांत ढेपाळतो. आतली भरण काढून पंख्याखाली वाळवायचा. टोक मऊ झालेला बूट घालून नाचणं धोक्याचं आहे, किंमत कितीही डोळ्यांत खुपली तरी.

आणि फरशी! सोसायटीच्या हॉलमध्ये, व्हिट्रिफाइड टाइल किंवा कोटा लादीवर बॅलेचे वर्ग चालतात. बारजवळचं आणि सेंटरचं (आधाराशिवाय खोलीच्या मध्ये करायचं) संथ काम तिथे एक वेळ चालेल. उड्या नाहीत. खाली स्प्रिंग असलेली किंवा निदान लाकडी पट्ट्यांवर तोललेली फळ्यांची जमीन आणि वर व्हिनाइल असं हवं. नडगी दुखतेय असं मुलगी म्हणाली तर आधी तिच्या तंत्राकडे आणि जमिनीकडे पाहा. ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका.

अंगकाठीच्या शेऱ्याकडे मी मुद्दाम परत येते, कारण मला त्याचा राग येतो. दहा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या शरीराबद्दल असं बोलू नये. अशा एका वाक्यावरून मुली बाराव्या-तेराव्या वर्षी जेवण तोडायला लागतात आणि घरात कुणाला कळत नाही. जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी पोटात गेली नाही तर हाडं ठिसूळ होतात, पाळी बिघडते, पावलाच्या हाडांना बारीक तडे जातात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, आणि नर्तकींना ते तंतोतंत लागू पडतं. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा आलेली तीन महिने थांबली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘नाचणाऱ्यांचं असं होतंच’ हे ऐकून घेऊ नका. वर्गाच्या आधी पोळी-भाजी, केळं, दूध, वर्गानंतर वरण-भात, अंडं, उसळ, जे घरात रुळलेलं असेल ते भरपूर. आणि जो शिक्षक मुलांना वर्गात वजनकाट्यावर उभं करतो, त्याच्याकडून मुलगी काढून घ्या.

उशीर झाला का, हेही तुमच्या मनात असेल. विख्यात नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह लेनिनग्राडच्या (आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या) शाळेत १९५५ मध्ये सतराव्या वर्षी पोचला. मिस्टी कोपलंडने तेराव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची मुख्य नर्तकी झाली, त्या पदावरची पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आपल्याच नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह मुंबईत येहूदा माओर यांच्याकडे शिकला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्या घरची परिस्थिती बेताची होती, वडील वेल्डिंगचं काम करत. पण ही नावं घेताना त्यांच्या मागचा भागही सांगायला हवा. नुरेयेव्हला अलेक्झांडर पुश्किनसारखा शिक्षक मिळाला, पुढे बारिश्निकॉव्हही त्याच्याच हाताखाली घडला. या सगळ्यांनी उशिरा सुरू केलं तरी रोज तासन्‌तास काम केलं. आठवड्यातून एक तास आणि सुट्टीत बंद, एवढ्यावर कोणताही गुण फुलत नाही.

म्हणून तुमच्या मुलीसाठी माझं मत असं. आत्ता आठवड्याला दोन वर्ग पुरेत, तिसरा घेतला तर उत्तम. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या संस्थेच्या बॅले परीक्षा तिच्या वर्गातून होत असतील तर बसू द्या, बाहेरच्या परीक्षकाचा अभिप्राय कामाचा असतो. मात्र ग्रेडमागे ग्रेड पळवू नका. खेळ, गाणं, कथक काहीही सोडायला लावू नका. बाराव्या-तेराव्या वर्षी, आठवड्याला चार-पाच वर्ग करायची तिचीच इच्छा असेल, तर मग एखाद्या जाणत्या, बाहेरच्या शिक्षकाला आणि नृत्याच्या दुखापती हाताळणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवून पुढचं ठरवा. तोवर ‘हिच्यात आहे का’ हा प्रश्न तिच्या कानावर पडू देऊ नका.

तिच्या शिक्षिकेला भेटाल तेव्हा स्प्लिट आणि शूज बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा: ती उतरते कशी, नवा ट्रॅक लावला की ती काय करते, आणि गेल्या महिन्यात सांगितलेली दुरुस्ती तिच्या अंगात राहिली आहे का. शिक्षिका या तिन्हींवर नेमकं बोलू शकल्या तर तुमची मुलगी चांगल्या हातात आहे.

तिचा वर्ग कोणत्या जमिनीवर चालतो, आठवड्याला किती तास होतात आणि डेमी-प्लिएत गुडघे कुठे जाताना दिसले, हे कळवलंत तर टर्नआउटसाठी घरी करता येतील असे दोन-तीन व्यायाम नेमके सांगेन.